हलकी रायफल की जड? जिम कॉर्बेट यांच्या बंदुकांमागचं कॅलिबरचं गणित

वाघ मारायला केवढी बंदूक लागते?

आज भारतात हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा विषय संपला. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुमाऊँ आणि गढवालच्या डोंगरात हा प्रश्न शौकाचा नव्हता. एखादी नरभक्षक वाघीण गावाच्या वाटेवर बसली की शेतं ओस पडायची. बायका गवताला जायच्या बंद व्हायच्या, पोरं घरात कोंडली जायची. अशा वेळी मदतीला येणाऱ्या माणसाच्या हातात कोणती बंदूक आहे, त्यावर पुढचे किती बळी जाणार हे ठरायचं.

त्या माणसाचं नाव जिम कॉर्बेट.

कॉर्बेट यांचे किस्से बहुतेकांना माहीत असतात. चंपावतची वाघीण, रुद्रप्रयागचा बिबट्या, उत्तराखंडातलं अभयारण्य. पण त्यांनी कधी कोणती बंदूक उचलली आणि का उचलली, हा भाग सहसा मागे राहतो. खरं तर मोठ्या जनावरासाठी योग्य कॅलिबर कोणतं, या जगभर चालणाऱ्या वादाचं उत्तर त्यांच्या आयुष्यात तुकड्या-तुकड्यांनी सापडतं.

आधी कॅलिबर म्हणजे काय ते बघू

कॅलिबर म्हणजे सोप्या भाषेत नळीच्या आतल्या भोकाचा व्यास. इंग्रजी बंदुकांमध्ये तो इंचाच्या भागात सांगायची पद्धत आहे. .२७५ म्हणजे पाव इंचापेक्षा थोडं जास्त, साधारण ७ मिलिमीटर. .५०० म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर.

आकडा मोठा म्हणजे गोळी जाड. गोळी जाड म्हणजे जड. जड गोळी जोरात मारायची तर दारू जास्त लागते, आणि दारू जास्त झाली की खांद्याला बसणारा झटकाही वाढतो. तो झटका खांद्याला सोसावा म्हणून बंदूकच जड बनवावी लागते.

म्हणजे मोठं कॅलिबर घेतलं की ताकद मिळते, पण वजन, झटका आणि संथपणा सोबत येतो. लहान कॅलिबर घेतलं की हात मोकळा राहतो, नेम चांगला बसतो, पण चूक झाली तर ती सांभाळून घ्यायला ताकद उरत नाही. सगळा वाद या देवाणघेवाणीचा आहे.

ठासणीच्या बंदुकीपासून सुरुवात

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. घराणं मूळचं आयरिश. वडील ख्रिस्तोफर नैनितालचे पोस्टमास्तर होते. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा खाली तराईजवळच्या कालाढुंगीला, असा घराचा शिरस्ता होता. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १८८१ मध्ये, वडील वारले. मोठं कुटुंब आणि पैसा बेताचा. कालाढुंगीचं जंगल मात्र दारातच होतं.

जिमची पहिली हत्यारं म्हणजे गलोल आणि मातीच्या गोळ्या मारायचं धनुष्य. त्यानंतर हातात आली ठासणीची एक जुनी दुनळी. तिची एक नळी फाटलेली होती आणि ती तारेनं बांधून ठेवलेली होती. उडवायची ती उरलेल्या एका नळीनंच.

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू, मग चिंधी, मग छर्रे, असं सगळं गजानं ठासून भरायचं. एक बार काढला की पुन्हा भरेपर्यंत सावज पार दिसेनासं होतं. दारू आणि छर्रे पुरवून वापरावे लागायचे. त्यामुळे या पोराला एक सवय लागली. एकच बार आहे हे धरून चालायचं, आणि तो फुकट जाणार नाही इतकं जवळ जायचं. जवळ जायचं तर पाय न वाजवता चालता आलं पाहिजे, माग वाचता आला पाहिजे, पक्ष्यांच्या आणि वानरांच्या ओरडण्याचा अर्थ लागला पाहिजे. कॉर्बेट यांचं पुढचं सगळं जंगलज्ञान या गरजेतून वाढलं.

शाळेत असताना नैनिताल व्हॉलंटियर रायफल्सच्या कॅडेट तुकडीत त्याला .४५० ची मार्टिनी-हेन्री वापरायला मिळाली. ही तेव्हाच्या ब्रिटिश फौजेची रायफल. तीही एकबारीच, सुमारे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी फेकणारी आणि खांदा शेकून काढणारी. कोवळ्या पोरासाठी ती अवजडच होती. पण जिमनं आयुष्यातला पहिला बिबट्या हीच बंदूक घेऊन मारला.

बंदूक कुणाला मिळायची?

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १८७८ च्या शस्त्र कायद्यानुसार भारतीयांना बंदूक ठेवायला परवाना लागत असे, तर युरोपियनांना त्यातून सूट होती. डोंगरातल्या गावात फार तर एखादी जुनी ठासणीची बंदूक असायची. तिच्यात हाताला येईल ते शिसं भरलं जायचं. अशा बंदुकीनं वाघ जागेवर पडणं कठीण, तो जखमी होऊन निसटण्याचीच शक्यता जास्त.

आणि जखमी वाघ ही सगळ्यात वाईट गोष्ट. जबडा मोडलेला, पाय अधू झालेला वाघ सांबर किंवा चितळ पकडू शकत नाही. मग तो संथ चालणाऱ्या, न पळू शकणाऱ्या भक्ष्याकडे वळू शकतो. कॉर्बेट यांनी पुढे जे नरभक्षक मारले, त्यातल्या अनेकांच्या अंगावर अशा जुन्या जखमा निघाल्या. काहींना साळिंदराचे काटे रुतून अपंगत्व आलं होतं आणि काहींना माणसाच्या गोळीनं.

चंपावत, १९०७: अर्धा इंच गोळी आणि तीन काडतुसं

शाळा संपल्यावर कॉर्बेट बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत लागले. पुढे बिहारमध्ये गंगेकाठच्या मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट त्यांनी वीसेक वर्षं सांभाळलं. शिकार हा त्यांचा धंदा कधीच नव्हता. सुट्टी काढून ते डोंगरात यायचे.

१९०७ मध्ये त्यांना चंपावतच्या वाघिणीसाठी बोलावणं आलं. नेपाळात २०० आणि कुमाऊँत २०० हून अधिक, असे मिळून ४३६ बळी तिच्या नावावर लागले. कॉर्बेट यांनी जाण्याआधी अट घातली की सरकारनं जाहीर केलेली बक्षिसं रद्द करावीत आणि बाकीचे शिकारी परत बोलवावेत. बक्षिसासाठी मारणारा अशी ओळख त्यांना नको होती आणि दुसऱ्या कुणाची गोळी चुकून लागायलाही नको होती.

सोबत घेतलेली रायफल .५०० ची होती, आणि ती मॉडिफाइड कॉर्डाइट प्रकारातली. त्या काळात काळी दारू जाऊन कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली होती. जुन्या काळ्या दारूच्या बंदुकांना तिचा पूर्ण जोर झेपत नसे. म्हणून त्यांच्यासाठी बेताची कॉर्डाइट भरलेली काडतुसं मिळायची. गोळी जाड आणि जड, पण वेग कमी. जवळून वाघ मारायला ती पुरेशी होती.

हाक्याच्या दिवशी कॉर्बेट यांनी खिशात तीनच काडतुसं घेतली. एक-दोनच बार मिळतील आणि तिसरं अडीअडचणीला, असा हिशोब होता.

हिशोब चुकला. वाघीण उघड्यावर आली, पण पहिली गोळी हुकली. पुढच्या दोन लागल्या आणि तरीही ती उभी राहिली. काडतुसं संपली. समोर जखमी नरभक्षक आणि हातात रिकामी रायफल. कॉर्बेट धावत चंपावतच्या तहसीलदारांकडे गेले आणि त्यांची छऱ्याची बंदूक मागून घेतली. ती इतकी जुनी होती की नळी आणि मागचा भाग यांच्यात फट दिसत होती. वीसेक फुटांवरून त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली तिच्या पंजाला. पण आधीच्या दोन गोळ्यांनी काम झालं होतं. ती कोसळली.

नंतर पाहिलं तर वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले होते. जुन्या बंदुकीच्या जखमेनं. कुणाच्या तरी एका चुकलेल्या गोळीची किंमत चारशेवर माणसांनी मोजली होती.

या शिकारीतून कॅलिबरचा पहिला धडा निघतो. अर्धा इंच गोळी असूनही ती हुकली तर तिचा उपयोग शून्य. आणि योग्य जागी लागलेली गोळीसुद्धा जनावराला त्याच क्षणी पाडेलच असं नाही.

बक्षीस मिळालेली .२७५

बक्षिसाचे पैसे नाकारणाऱ्या कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी एक रायफल भेट दिली. नैनितालच्या दरबारात तहसीलदारांनाही नवी बंदूक मिळाली.

कॉर्बेट यांना मिळालेली रायफल लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, माउझर बनावटीची, .२७५ कॅलिबरची होती. हेच काडतूस युरोपात ७ बाय ५७ माउझर म्हणून ओळखलं जातं. ९ ग्रॅमच्या आसपासची टोकदार गोळी, वेग सेकंदाला ८०० मीटरहून जास्त. बंदूक हलकी, साडेतीन किलोच्या आत-बाहेर. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं आणि झटका सौम्य.

वाघासाठी असं काडतूस म्हणजे तेव्हाच्या बऱ्याच साहेबांना थट्टाच वाटली असती. हत्तीवर हौद्यात बसून शिकार करणारे राजेरजवाडे आणि अधिकारी .५०० किंवा .५७७ च्या दुनळ्या बाळगायचे. बंदूक उचलायला वेगळा नोकर असायचा. त्यांच्यासाठी वजन हा मुद्दाच नव्हता.

कॉर्बेट पायी फिरायचे. दिवसाला कित्येक मैल, चढ-उताराचे, कधी उपाशीपोटी. संध्याकाळी दमलेल्या हातानं बंदूक खांद्याला लावायची असेल तर दीड किलोचा फरक फार मोठा असतो. शिवाय हिमालयात जनावर पुष्कळदा समोरच्या डोंगरावर, दरीपलीकडे दिसतं. तिथे वेगवान गोळी सरळ रेषेत जाते, जड संथ गोळी वाटेत खाली येते. .२७५ तिथे बिनतोड होती.

मग .४५०/४०० कशाला?

तरीही कॉर्बेट यांनी दुसरी रायफल ठेवलीच. जेफरी कंपनीची दुनळी, .४५०/४०० कॅलिबरची.

हे नाव गोंधळात टाकणारं आहे. .४५० च्या काडतुसाचं तोंड आवळून त्यात .४०० च्या मापाची गोळी बसवली, म्हणून दोन आकडे. गोळी सुमारे २६ ग्रॅमची, म्हणजे .२७५ च्या जवळपास तिप्पट. वेग कमी, सेकंदाला साधारण ६५० मीटर. तरी एकूण ऊर्जा .२७५ च्या पावणेदोन पट.

यात राजकारणही होतं. १९०७ च्या सुमारास ब्रिटिशांनी भारतात खासगी वापराच्या .४५० कॅलिबरवर बंदी आणली. मार्टिनी-हेन्री रायफली अजून जागोजागी होत्या आणि त्यांना चालणाऱ्या गोळ्या चुकीच्या हातात पडतील ही भीती होती. लगेच बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. .४५०/४०० च्या नावात .४५० असलं तरी गोळी .४०० ची असल्यानं तिला अडचण आली नाही. म्हणजे भारतातल्या शिकाऱ्यानं काय वापरायचं, हे जनावराइतकंच सरकारही ठरवत होतं.

दुनळीचा फायदा असा की दुसरा बार काढायला खटका ओढून काडतूस बदलावं लागत नाही. दुसरा चाप ओढला की झालं. दाट झाडीत वाघ दहा पावलांवरून अंगावर येतो तेव्हा मधे फार तर एक-दोन सेकंद असतात. तिथे पाच काडतुसांच्या मॅगझिनपेक्षा दोन तयार नळ्या मोलाच्या. आणि तिथे गोळीनं वाघ मरून भागत नाही, तो तिथल्या तिथे थांबला पाहिजे. हृदयात गोळी लागलेला वाघसुद्धा काही सेकंद धावू शकतो. तेवढ्यात माणूस संपतो.

म्हणून लांबच्या आणि मोकळ्या जागेसाठी .२७५, दाट आणि जवळच्या कामासाठी .४५०/४००, अशी साधारण वाटणी झाली. अर्थात जंगल दर वेळी ही वाटणी पाळत नसे.

गोळीचं टोकही महत्त्वाचं

याच काळात आफ्रिकेत वॉल्टर बेल नावाचा स्कॉटिश शिकारी होता. त्यानं हस्तिदंतासाठी हजाराहून जास्त हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे याच ७ मिलिमीटरच्या काडतुसानं. आज तो आकडा वाचून अंगावर काटा येतो. पण कॅलिबरच्या वादात बेलचं नाव दर वेळी निघतंच. लहान गोळी हत्तीला पुरते, तर मोठी हवी कशाला, असा युक्तिवाद होतो.

यात एक मेख आहे. बेल वापरायचा सॉलिड गोळी, म्हणजे टोकापर्यंत कडक धातूनं मढवलेली, न फुटता खोल शिरणारी. हत्तीच्या कवटीची रचना त्याला पाठ होती आणि तो थेट मेंदूचा वेध घ्यायचा. तिथे जाडीपेक्षा खोली महत्त्वाची.

वाघाचं उलटं. कातडी पातळ, अंगही तुलनेनं मऊ. सॉलिड गोळी त्याच्या आरपार जाईल आणि वाघ पळून जाईल. त्याला मऊ टोकाची गोळी लागते. ती आत शिरल्यावर फुलते आणि सगळा जोर अंगातच सोडते. म्हणजे कॅलिबर एकच, पण गोळी बदलली की बंदूकच बदलल्यासारखी होते. बेलचा कित्ता कुणी आंधळेपणानं गिरवला असता, तर जंगलात जखमी जनावरांची भरच पडली असती.

जिथे कॅलिबर कामाचं नव्हतं

१९१० मध्ये कॉर्बेट पनारच्या बिबट्यामागे गेले. त्याच्या नावावर ४०० बळी होते. रात्र काळोखी, अंतर थोडं, नेमाची माशी दिसण्याची सोय नाही. तिथे त्यांनी रायफल बाजूला ठेवून छऱ्याची बंदूक घेतली. अंधारात एका गोळीपेक्षा पसरणारे छर्रे बरे.

पुढे पहिल्या महायुद्धात कुमाऊँची ५०० माणसांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला जाऊन आले. मग आला रुद्रप्रयागचा बिबट्या. १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं त्यानं केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेची वाट अडवून धरली. सरकारी नोंदीत १२५ बळी. त्याला विष घालून झालं, सापळे लावून झाले.

या शिकारीत कॅलिबरचा प्रश्न उरलाच नव्हता. बिबट्या वाघाच्या मानानं लहान जनावर, कोणत्याही चांगल्या रायफलीनं मरतं. खरी अडचण काळोखाची होती. हा प्राणी रात्रीच यायचा. कॉर्बेट यांनी रायफलला विजेचा टॉर्च जोडला. मे १९२६ च्या सुरुवातीला गुलाबरायच्या आंब्याच्या झाडावर अनेक रात्री जागल्यावर, खाली बांधलेल्या शेळीची घंटा वाजली. टॉर्च लागला, खांद्यावर नेम बसला, बार उडाला आणि त्याच क्षणी टॉर्च विझला. दिवस उजाडल्यावर म्हातारा बिबट्या मेलेला सापडला.

चौगड, १९३०: हलक्या रायफलीनं वाचवलेला जीव

१९२९ हे वर्ष कॉर्बेट यांना वाईट गेलं. तराईतल्या एका शिकारीत शेजारच्या हत्तीवरच्या माणसानं त्यांच्या कानाशी जड रायफल उडवली आणि कानाचा पडदा फाटला. जंगलात कानावर जगणाऱ्या माणसासाठी हे मोठं नुकसान होतं.

त्याच वर्षी ते चौगडच्या नरभक्षक जोडीमागे होते. म्हातारी वाघीण आणि तिचा जवळपास पूर्ण वाढलेला बच्चा. दोघं एकत्र दिसली तेव्हा कॉर्बेट यांनी वाघीण समजून गोळी झाडली आणि मेला तो बच्चा. आई आणखी वर्षभर माणसं मारत राहिली. रायफल चांगली होती, नेम अचूक होता. चूक ओळखण्यात झाली होती, आणि तिला कोणत्याच कॅलिबरमध्ये उपाय नाही.

११ एप्रिल १९३० ला ते पुन्हा कालाआगरच्या रानात होते. सोबत दोन माणसं. वाटेत त्यांना एका पक्ष्याची वेगळीच दिसणारी दोन अंडी सापडली. अंडी जमवायचा छंद होता, म्हणून ती शेवाळात ठेवून डाव्या हातात धरली. उजव्या हातात होती हलकी रायफल.

एका मोठ्या शिळेला वळसा घालून ते पुढे आले आणि मागे मान वळवून पाहिलं. आठेक फुटांवर वाघीण दबा धरून बसलेली. डोळ्याला डोळा भिडला.

रायफलीचं तोंड भलतीकडे होतं. ते वाघिणीवर आणायचं तर जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवावं लागणार होतं. डाव्या हातात अंडी. कॉर्बेट यांनी एकाच हातानं, वाघिणीची नजर न सोडता, रायफल हळूहळू फिरवायला सुरुवात केली. इतकी हळू, की वाघिणीला हालचाल जाणवू नये. हात भरून आला होता. शेवटी नळी समोर आली आणि त्यांनी चाप ओढला. गोळी मणक्यातून हृदयापर्यंत गेली. वाघीण होती तिथेच आडवी झाली. सरकारी यादीत तिच्या नावावर ६४ बळी होते.

कॉर्बेट यांनी नंतर या प्रसंगाचा शांतपणे हिशोब मांडला. वरवर त्यांच्या विरुद्ध दिसणाऱ्या तीन गोष्टी त्यांनी आपल्या बाजूच्या ठरवल्या: हातातली अंडी, हलकी रायफल आणि वाघीण नरभक्षक असणं. अंडी नसती तर दोन्ही हात झटकन हलले असते आणि वाघिणीनं झेप घेतली असती. जड दुनळी असती तर ती एका हातानं तशी फिरवताच आली नसती.

ती अंडी त्यांनी परत घरट्यात नेऊन ठेवली. थोड्या वेळानं पक्षीण त्यांच्यावर येऊन बसली.

ठाक, १९३८: जड दुनळीचा दिवस

शेवटचा नरभक्षक मात्र जड दुनळीच्या वाट्याला आला. शारदा नदीच्या खोऱ्यातलं ठाक हे गाव वाघिणीच्या भीतीनं ओस पडलं होतं. कॉर्बेट तेव्हा ६३ वर्षांचे होते. ही शेवटची शिकार, असं ठरवूनच ते आले होते.

३० नोव्हेंबर १९३८ ची संध्याकाळ. परत निघायची वेळ झाली होती आणि उजेड जेमतेम उरला होता. वाघीण जोडीदाराला हाका देत होती. कॉर्बेट यांनी वाघाच्या आवाजात उत्तर दिलं आणि एका खडकाला चिकटून जेमतेम पाय टेकवून उभे राहिले. त्यांची माणसं खडकामागे खाली बसली होती. वाघीण हाका देत जवळ आली, काही पावलांवर. मंद उजेड, अगदी कमी अंतर, तोल कच्चा. इथे चुकीला जागा नव्हती आणि वाघीण जागीच थांबायला हवी होती. .४५०/४०० चे दोन बार लागोपाठ उडाले. वाघीण पडली. बंदुकीच्या झटक्यानं कॉर्बेटही खडकावरून निसटले आणि मागच्या माणसांच्या अंगावर पडले.

या वाघिणीच्या अंगावरही जुन्या गोळीच्या जखमा होत्या. एक खांद्यातली, चिघळलेली. ३१ वर्षांपूर्वी चंपावतला जे दिसलं होतं, तेच पुन्हा.

चौगडला जड रायफल असती तर कॉर्बेट बहुधा वाचले नसते. ठाकला हलकी असती तर ती वाघीण जखमी होऊन अंधारात, पाच माणसांच्या अंगावर आली असती. योग्य कॅलिबर कोणतं, हे अंतर, उजेड, झाडी, जनावर आणि उचलणाऱ्या हातावर अवलंबून होतं. तक्त्यातला आकडा त्यातली फक्त एक बाजू सांगतो.

रायफलीपासून कॅमेऱ्यापर्यंत

वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे वाघांचे फोटो पाहून कॉर्बेट कॅमेऱ्याकडे ओढले गेले. नरभक्षक सोडून वाघ मारण्यात त्यांना रस उरला नाही. वाघाचं चित्रीकरण करायला आणखी जवळ जावं लागतं, आणखी गप्प बसावं लागतं, हे त्यांनी मजेनं शिकून घेतलं. १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, हेली नॅशनल पार्क, स्थापन झालं. त्यामागे कॉर्बेट यांचाही आग्रह होता.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नागपूरच्या उत्तरेकडच्या छिंदवाड्यात सैनिकांना जंगलात वावरायचं शिक्षण दिलं. १९४४ मध्ये त्यांचं कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेनं छापलं आणि जगभर खपलं. ते छापून आणणारे संपादक रॉय हॉकिन्स मुंबईचेच. ही पुस्तकं पुढे मराठीतही आली.

१९४७ मध्ये कॉर्बेट आणि बहीण मॅगी केनियातल्या न्येरीला गेले. १९ एप्रिल १९५५ ला तिथेच त्यांचं निधन झालं. दोनेक वर्षांत भारत सरकारनं त्या उद्यानाला त्यांचं नाव दिलं आणि १९७३ मध्ये तिथूनच व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

.२७५ रिग्बी त्यांच्यानंतर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली. २०१५ मध्ये रिग्बी कंपनीनं ती विकत घेतली आणि पुढच्या वर्षी ती कालाढुंगीच्या परिसरात दाखवायला आणली. तिच्यावरच्या चांदीच्या पट्टीवर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख आहे. ज्या गोळीनं त्या वाघिणीचे सुळे तुटले, ती कोणत्या कॅलिबरची होती आणि कुणी झाडली होती, याची मात्र कुठेच नोंद नाही.